तारकाचिन्ह : एक न बोलणारी खूण



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर संतवाङ्मय शोभते, इतिहास शोभतो, देशाचे अर्थकारणही शोभते. आम्ही मात्र आज एका फुलीविषयी बोलणार आहोत. छापील कागदावर शब्दाच्या खांद्यावर मोहरीएवढी बसलेली, पाच किंवा सहा पाकळ्यांची जी खूण असते, तिला पुस्तकात तारका म्हणतात, पुष्कळ लोक फुली म्हणतात, आणि आमच्या छापखान्यात तिला चांदणी म्हणत. विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांनी विचारले, "अहो, पगार, बोनस, संप सोडून तुम्ही व्याकरणात कधीपासून शिरलात?" त्यांना आम्ही सांगितले की पगाराचा विषय आम्ही सोडलेलाच नाही. पगार कित्येकदा या चांदणीपाशीच अडतो.

आमच्या अधिकाराविषयी दोन शब्द आधी सांगितले पाहिजेत. आमची शाळा आठवीत सुटली. त्या काळच्या औरंगाबादेत, गुलमंडीच्या मागच्या एका बोळात एक छापखाना होता. तेथे आम्ही खिळे जुळवावयास लागलो. लग्नपत्रिका, हँडबिले, सहकारी संस्थांचे अहवाल, निवडणुकीची पत्रके, जे येईल ते जुळवीत गेलो आणि जुळवता जुळवता वाचीत गेलो. जुळाऱ्याला मजकूर उलटा वाचावा लागतो. उलटे वाचणारा सावकाश वाचतो, आणि सावकाश वाचणाऱ्याला कानामात्रा दिसते तशी टिंबफुलीही दिसते. पुढे वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली, तेथून कामगार संघटनेत आलो, आणि तेव्हापासून करारांचे मसुदे हेच आमचे मुख्य वाचन झाले. आम्ही 'मी' न म्हणता 'आम्ही' म्हणतो, ती ऐट नव्हे. संघटनेत जो 'मी' म्हणू लागतो त्याला दुसऱ्या दिवशी गेटवर कोणी ओळख देत नाही, एवढेच.

आता विषयाकडे वळू. मराठी माणूस शतकानुशतके विरामचिन्हांवाचून लिहीत होता. ज्यांच्या घरी जुने दस्तऐवज असतील त्यांनी ते एकदा उलगडून पाहावेत. या शहरावर निजामी अंमल होता, त्यामुळे काही कागद उर्दूत निघतात आणि काही मोडीत. मोडीचा कागद पाहिला तर आधी आडवी रेघ ओढलेली, तिला अक्षरे टांगलेली, आणि लेखणी होईल तितकी न उचलता सारे एका दमात लिहिलेले. शब्दाशब्दांत जागा नाही, स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. पोथीत ओवीच्या किंवा अभंगाच्या चरणापाशी दंड येत, तेवढाच काय तो विसावा. तरीही व्यवहार अडला नाही. कारण वाचता येणारा एक आणि ऐकणारे दहा, अशी तेव्हाची रीत होती. कुठे थांबावयाचे ते वाचणाऱ्याला ठाऊक असे, आणि न समजले तर ऐकणारा त्याला तेथल्या तेथे अडवीत असे.

एकोणिसाव्या शतकात छापखाने आले, शाळाखात्याची क्रमिक पुस्तके आली, आणि वाचणारा व ऐकणारा यांची ताटातूट झाली. एकटा बसून मुकाट्याने वाचणाऱ्याला कुठे थांबावे हे सांगणार कोण? ते काम विरामचिन्हांनी पत्करले. इंग्रजीतली ही चिन्हे मराठीत रुजविण्याचे श्रेय मेजर टॉमस कँडी यांना दिले जाते. मोल्सवर्थ यांच्या १८३१ च्या कोशाच्या कामात ते आणि त्यांचे जुळे बंधू जॉर्ज यांनी हात लावला होता. पुढे सरकारी मराठी पुस्तके तपासण्यात त्यांची अनेक वर्षे गेली. 'विरामचिन्हांची परिभाषा' नावाची पुस्तिका त्यांनी १८५० साली लिहिली. एका परक्या लष्करी गृहस्थाने आम्हांला स्वल्पविराम शिकवावा याचे काहींना वैषम्य वाटते. आम्हांला वाटत नाही. खिळा कोठल्या ओतशाळेतून आला हे जुळारी विचारीत नाही, तो केसमध्ये आपल्या जागी आहे की नाही एवढेच पाहतो.

या चिन्हांकडे नीट पाहा. स्वल्पविराम आला की वाचणारा किंचित थांबतो. पूर्णविराम आला की श्वास घेतो. प्रश्नचिन्हाला आवाज चढतो. अवतरणचिन्हांत दुसऱ्याचा आवाज काढता येतो, आणि कंसातला मजकूर आपण नकळत खालच्या पट्टीत वाचतो. म्हणजे ही सगळी मंडळी कागदावर राहत असली तरी त्यांचे खरे बिऱ्हाड माणसाच्या गळ्यात आहे. तारकेला मात्र गळा नाही. तारकेपाशी कोणी थांबत नाही, कोणाचा आवाज चढत नाही की उतरत नाही. ती डोळ्याला सांगते, 'खाली जा, आणखी मजकूर आहे.' कानाला ती काहीच सांगत नाही. आजचे आमचे सारे म्हणणे एवढ्या एका गोष्टीवर उभे आहे.

तारकेचे कुळ फार जुने आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयात ॲरिस्टार्कस नावाचा पंडित होमरच्या काव्याची प्रत शुद्ध करीत होता. तो ओळींच्या शेजारी खुणा करी. त्यांत एक लहानशी तारका होती आणि एक आडवी रेघ होती. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने बायबलचे पाठ शेजारी शेजारी मांडले, तेव्हा हिब्रूत असलेले पण ग्रीक भाषांतरात गळलेले भाग दाखविण्यास त्याने तारकाच वापरली. आपल्याकडील पोथ्यांत हेच काम हंसपदाने केले आहे. लिहिताना शब्द गळला की दोन अक्षरांच्या मध्ये पक्ष्याच्या पावलासारखी खूण करावयाची आणि गळलेला शब्द समासात लिहावयाचा. त्यालाच काकपदही म्हणतात. लिहिणाऱ्याविषयी आदर असेल तर हंस, नसेल तर कावळा, असे आम्ही आपले समजतो. सांगावयाचे हे की तारकेचा आणि हंसपदाचा धंदा प्रथमपासून प्रामाणिक होता. 'येथे काही राहिले आहे, ते तेथे आहे', असे सांगण्याचा तो धंदा. काही दडविण्यासाठी ही खूण जन्माला आली नाही.

आता तिने इतर चिन्हांच्या शेजारी कसे बसावे हे पाहू, कारण खरी भांडणे तेथेच होतात. जगात याचा एकच नियम नाही. इंग्रजी छापखान्यांची सामान्य रीत अशी की टीपेची खूण स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह यांच्या नंतर यावी. फक्त लांब आडव्या रेघेच्या, म्हणजे अपसरणचिन्हाच्या, ती आधी यावी. फ्रेंच लोक उलट करतात, ते खूण विरामचिन्हाच्या आधी ठेवतात. जर्मनांनी अर्थाचा विचार केला आहे. टीप एका शब्दापुरती असेल तर खूण त्या शब्दाला चिकटवून विरामचिन्हाच्या आधी. टीप साऱ्या वाक्याची असेल तर विरामचिन्हाच्या नंतर. मराठी छापखान्यांनी बहुतेक इंग्रजी वळण उचलले. कथा-कादंबऱ्यांत त्याने काही बिघडत नाही. एखाद्या गावाच्या नावावरची तारका पूर्णविरामाच्या अलीकडे पडली काय आणि पलीकडे पडली काय, वाचणारा टीप पाहतो आणि पुढे जातो. पण ज्या कागदावर सही करावयाची असते त्या कागदावर आमच्या मते जर्मनांचाच नियम चालविला पाहिजे. का, ते एका घडलेल्या गोष्टीवरून सांगतो.

आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात (नाव सांगण्याचे कारण नाही) पगारवाढीची बोलणी कित्येक महिने चालून संपली. कच्च्या मसुद्यातले वाक्य असे होते : 'प्रत्येक कायम कामगारास दरमहा १,२०० रुपये पगारवाढ, ३०० रुपये घरभाडे भत्ता आणि २०० रुपये हजेरी बक्षीस* मिळेल.' खाली टीप होती : '* महिन्यात किमान २४ दिवस हजर असल्यास.' यात कोणाचा वाद नव्हता. बक्षीस हजेरीचे, तेव्हा त्याला हजेरीची अट असणारच. मसुदा साफ टाइप होऊन आला. शब्द तेच, आकडे तेच, टीप तीच. गेटवर सभा झाली, करार पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला गेला, टाळ्या पडल्या. सह्या दुसऱ्या दिवशी व्हावयाच्या होत्या.

संध्याकाळी समितीपुढे साफ प्रत ठेवली तेव्हा पॅकिंग विभागातल्या आमच्या एक भगिनी ती बराच वेळ न्याहाळीत बसल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, ही चांदणी काल बक्षिसाच्या डोक्यावर होती. आज ती पूर्णविराम ओलांडून बाहेर अंगणात कशी जाऊन बसली?" पाहिले तर खरेच. साफ प्रतीत वाक्य '...२०० रुपये हजेरी बक्षीस मिळेल.*' असे झाले होते. चांदणी जेमतेम अर्धा इंच सरकली होती. पण बक्षिसावर बसलेली चांदणी फक्त बक्षिसापुरती बोलते. पूर्णविरामापलीकडे बसलेली चांदणी सगळ्या वाक्याविषयी बोलते. पहिल्या प्रतीप्रमाणे मूल आजारी पडले म्हणून बावीस दिवसच भरलेल्या बाईचे २०० रुपये जाणार. दुसऱ्या प्रतीचा कोणी तसा अर्थ लावला असता तर पगारवाढ, घरभाडे आणि बक्षीस मिळून १,७०० रुपये गेले असते, तेही दर अशा महिन्याला, कराराची मुदत संपेपर्यंत.

यात कोणी डाव केला होता, असे आम्ही म्हणत नाही. चौकशी केली तेव्हा कळले की टाइप करणारा मुलगा इंग्रजी पत्रव्यवहार शिकलेला होता. खूण पूर्णविरामानंतर येते असे त्याला शिकविले होते, आणि त्याने ती शिकल्याप्रमाणे 'दुरुस्त' केली. व्यवस्थापनाच्या अधिकाऱ्यांनीही मान्य केले की अट बक्षिसापुरतीच ठरली होती. पण बंधूंनो, आज मान्य करणारा अधिकारी उद्या बदलून जातो, आणि त्याच्या जागी जो येतो तो बोलणी वाचीत नाही, कागद वाचतो. कारखान्याचा कज्जा पुढे न्यायाधिकरणात गेला तर तेथेही कागदच बोलतो.

या गोष्टीत आम्हांला सर्वांत विचार करण्याजोगे वाटते ते हे की गेटवरच्या सभेत शेकडो माणसांनी ते वाक्य ऐकले, आणि ऐकणाऱ्यास हा फरक कळण्याची काही सोयच नव्हती. 'बक्षीस' म्हणताना चांदणी ऐकू आली नाही. 'मिळेल' म्हणून वाचणारा थांबला तेव्हाही आली नाही. स्वल्पविराम चुकला असता तर कोणीतरी 'पुन्हा वाचा' म्हणून ओरडले असते. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना परळला जमविले. आठवड्याला एक सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार ठरल्या मुदतीत, अशा मागण्या मांडल्या गेल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज गेला. त्या सह्या करणाऱ्यांतल्या किती जणांना तो अर्ज स्वतः वाचता आला असता? त्यांनी तो ऐकला असणार. आमची चळवळ कानाने वाढलेली आहे. तिच्या कागदांत डोळ्यापुरती खूण घुसली तर जपून राहिले पाहिजे.

त्या करारात आम्ही शेवटी काय केले ते सांगितले पाहिजे. चांदणी जागेवर परत नेली नाही, ती काढूनच टाकली. दोन वाक्ये केली. पहिल्या वाक्यात पगारवाढ आणि घरभाडे; तेथे पूर्णविराम. दुसऱ्या वाक्यात 'महिन्यात किमान २४ दिवस हजर असणाऱ्यास २०० रुपये हजेरी बक्षीस मिळेल.' कागद दोन ओळींनी वाढला, पण आता तो डोळे मिटून ऐकला तरी कळतो. तेव्हापासून आमच्या मसुद्यात चांदणी दिसली की आम्ही आधी विचारतो, ही अट वाक्यातच बसत नाही का? दहांपैकी आठ वेळा बसते.

उरलेल्या दोन वेळांसाठी काही बारकावे. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो, म्हणून तारका प्रत्ययाच्या पुढे पाहिजे. 'भत्त्याला*' असे लिहावे. 'भत्त्या*ला' असे शब्द मोडून कधी लिहू नये, टीप नुसत्या भत्त्याविषयी असली तरी. कंसाच्या बाबतीत, टीप कंसातल्या शब्दाची असेल तर तारका कंस मिटण्याच्या आत, आणि कंसासकट साऱ्या मजकुराची असेल तर कंसाबाहेर. अवतरणचिन्हांत अधिक सावध राहावे. दुसऱ्याचे शब्द उतरवून त्यावर आपण टीप देत असू तर तारका अवतरण संपल्यावरच हवी. आत पडली तर वाचणाऱ्यास वाटते की ती मूळ लिहिणाऱ्याचीच आहे, आणि न केलेली अट त्याच्या माथी बसते. देवनागरीची आणखी एक अडचण आहे. आपल्या अक्षरांच्या डोक्यावर आधीच गर्दी : अनुस्वार, वेलांटी, रफार, मात्रा. त्यांत लहान टायपातली चांदणी खेटून बसविली तर ती अनुस्वाराच्या ठिपक्यात हरवते. छापखान्यात आम्ही तिच्या अलीकडे बारीकशी फट सोडीत असू. संगणकावर ती फट कोणी सोडीत नाही.

आकड्यांवर तारका शक्यतो ठेवूच नये. संगणकावर तारका म्हणजे गुणाकार. '५००*' लिहून पुढच्या रकान्यात दुसरा आकडा आला की पाहणारा गोंधळतो. तक्त्यात ती आकड्यावर न ठेवता रकान्याच्या मथळ्यावर ठेवावी. एका पानावर दोन टीपा असतील तर एक तारका आणि दोन तारका चालतील. इंग्रजी छापखाने दुसऱ्या टीपेला कट्यारीची खूण वापरीत. मराठीत ती फारशी रुळली नाही, आणि वाचणाऱ्यास तिची सवय नाही. चार-पाच टीपा असतील तर सरळ अंक घालावेत. पगाराच्या कागदावर आकाशगंगा उतरविण्याचे कारण नाही.

एकच जागा अशी आहे की जेथे मराठी माणूस फुलीचा उच्चार करतो. छापताना शिवीच्या जागी फुल्या घालतात, आणि आपण ते वाचून दाखविताना खुशाल 'फुल्या फुल्या फुल्या' असे म्हणतो. ऐकणाऱ्यास नेमकी शिवी कळते. दडविण्यासाठी घातलेली फुली येथे बोलून दाखविली जाते. करारातली, सांगण्यासाठी घातलेली फुली मात्र कोणी बोलून दाखवीत नाही. भाषेचे हे एक विनोदी अंग आहे.

हल्ली आमच्या सूचना भ्रमणध्वनीवर जातात, त्याविषयी सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. व्हॉट्सॲपवर शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारका टाकली की शब्द ठळक होतो आणि तारका नाहीशा होतात. ओळीच्या आरंभी तारका टाकून जागा सोडली की तिचा ठिपका होतो; तेथे त्या खुणेचा अर्थ 'यादीतली एक बाब' असा आहे. म्हणजे वर शब्दावर चांदणी शिल्लक, आणि खाली टीपेपाशी मात्र तिच्या जागी ठिपका. वरची चांदणी जोडीदार शोधीत बसते. म्हणून भ्रमणध्वनीवरच्या सूचनेत तळटीप नकोच. अट असेल तर शब्दाच्या पुढे लगेच कंसात लिहावी.

आता बाजाराकडे येऊ. येथून बाहेर पडून जालना रस्त्याला लागलात की फलक दिसतील : व्याज नाही, हप्ता नाही, डोक्यावर छप्पर तयार, आणि मजकुराच्या शेवटी एक चांदणी. तिची टीप फलकाच्या तळाशी इतक्या बारीक अक्षरांत असते की ती वाचावयास शिडी लावावी लागेल. 'अटी लागू' हे दोन शब्द तेवढे दिसतात. अटी कोणत्या, ते नाही. तारकेने 'तेथे पाहा' म्हणावे आणि तेथे काहीच नसावे, हा आमच्या मते खोट्या साक्षीसारखा प्रकार आहे. कायद्याने याची दखल घेतली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले, आणि त्याने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत अशा टीपांवर स्वतंत्र कलम आहे. टीपेने वरच्या दाव्याचा खुलासा करावा. दाव्यातील महत्त्वाची माहिती तिच्यात दडवू नये, आणि दिशाभूल करणारा दावा तिच्या आधाराने सावरूही नये. दावा ज्या भाषेत, टीप त्याच भाषेत. दाव्याचा जो टाइप, तोच टीपेचा. आणि साधारण दृष्टीच्या माणसाला ती वाजवी अंतरावरून, वाजवी वेगाने, एकदा वाचून दिसली पाहिजे.

यातले भाषेचे कलम आम्हांला फार महत्त्वाचे वाटते. कर्जाच्या कागदावर वरचा मजकूर मराठीत आणि तारकेखालची टीप इंग्रजीत, असे कागद घेऊन कामगार आमच्याकडे येतात. वर मराठीत बोलावयाचे आणि खाली इंग्रजीत परत घ्यावयाचे! कारखान्यांच्या बाबतीत हे तत्त्व फार पूर्वी मान्य झाले होते. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने सांगितले होते की कारखान्याचे नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, ज्या दारातून ते आत येतात त्या दाराजवळ लावावेत. तो कायदा आता राहिला नाही, त्याची जागा नव्या संहितेने घेतली. पण नियम दाराशी, आपल्या भाषेत, दिसेल असा, ही कल्पना आमच्या मनातून गेलेली नाही.

तारकेविषयी अकारण भीती बाळगण्याचेही कारण नाही. काही वर्षांपूर्वी बाजारात अशी आवई उठली की ज्या नोटेच्या क्रमांकात चांदणी आहे ती नोट खोटी. ज्याच्या हातात पगाराच्या दिवशी अशी पाचशेची नोट आली त्याचे काय झाले असेल ते तुम्हीच मनात आणा. रिझर्व्ह बँकेला जुलै २०२३ मध्ये खुलासा करावा लागला. शंभर नोटांच्या पुडक्यात एखादी नोट छापताना बिघडली तर तिच्या जागी दुसरी नोट घालतात, आणि तिच्या क्रमांकात, आरंभीची अक्षरे व पुढील आकडे यांच्या मध्ये, चांदणी छापतात. ही पद्धत २००६ पासून आहे. नोट पूर्ण चालणारी आहे. 'मी बदली आलेली आहे' एवढेच ती सांगते. आमच्या कारखान्यांत बदली कामगार असतात, त्यांच्याविषयी कोणी असा खुलासा काढीत नाही. असो, तो निराळ्या व्याख्यानाचा विषय होईल.

आता या न बोलणाऱ्या खुणेचा एक उपयोग असा सांगतो की जेथे ती दुसऱ्याला बोलावयास लावते. आपल्या संसदेत आणि विधिमंडळात सभासद मंत्र्यांना प्रश्न विचारतात. काही प्रश्नांना लेखी उत्तर मिळते; ते सभागृहाच्या पटलावर ठेवले जाते आणि तेथेच निजते. परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर सभासदाला तोंडी हवे असते, त्या प्रश्नावर तो तारका करतो. तोच तारांकित प्रश्न. लोकसभेत दिवसाला असे वीसच प्रश्न यादीत येतात. बिनतारकेचे दोनशे तीसपर्यंत असतात. तारांकित प्रश्नाची पाळी आली की मंत्र्याला उभे राहून सर्वांसमक्ष बोलावे लागते. त्यावर उपप्रश्न विचारता येतात, आणि कागदात जे दडलेले असते ते पुष्कळदा उपप्रश्नांत बाहेर येते. दोन्ही प्रश्नांचे शब्द तेच असू शकतील. फरक एका चांदणीचा. करारातली चांदणी मजकूर तळाशी नेते आणि मुका करते. प्रश्नावरची चांदणी तोच मजकूर वर काढते आणि माणसाच्या तोंडून वदविते.

हे पाहून आम्ही गेटवरच्या सभेत एक पद्धत सुरू केली. करार किंवा सूचना वाचणाऱ्याने तारका आली की ओलांडून जावयाचे नाही. तेथे थांबावयाचे, 'चांदणी' असे मोठ्याने म्हणावयाचे, हात वर करावयाचा, खालची टीप लगेच वाचावयाची, आणि मग 'पुन्हा वाक्य' म्हणून तेच वाक्य आरंभापासून वाचावयाचे. पहिल्या खेपेस लोक हसले. तिसऱ्या खेपेपर्यंत असे झाले की वाचणारा घाईत पुढे गेला तर पुढच्या रांगेतून कोणीतरी ओरडते, "चांदणी राहिली!" वाचणाऱ्याला वेळ लागतो, हे खरे. दोन पानांचा करार वाचावयास पूर्वी दहा मिनिटे लागत, आता पंधरा लागतात. शिफ्टची घंटा होण्याआधी संपवावे लागते, म्हणून मसुदा करणारेच आता चांदण्या कमी घालतात. त्या पॅकिंग विभागातल्या भगिनी निवृत्त झाल्या, परंतु त्यांच्या जागेवर आलेल्या मुलीला त्यांनी मसुद्याची प्रत उजेडाकडे धरून एक एक खूण बोटाने मोजावयास शिकविले आहे, असे आम्ही ऐकतो.

आमचा विषय येथे संपला. अध्यक्षमहाराजांची परवानगी असेल तर श्रोत्यांनी आता प्रश्न विचारावेत. चिठ्ठीवर लिहून दिलेत तरी ते सगळे तारांकित समजून आम्ही उभ्यानेच उत्तर देऊ.